उमेद, उमेदवार आणि १९८८ ची अमेरिका

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मी आधी दोन्ही भाषांत चालणारे शब्द घेते. त्यात 'उमेदवार' हा माझा लाडका शब्द. उर्दूत उम्मीदवार, मराठीत उमेदवार, घर फारसीतले. अर्थ सरळ आहे : उमेद बाळगून असलेला. इंग्रजीतल्या 'कँडिडेट'चे मूळ लॅटिनमध्ये सापडते आणि तिथे त्याचा अर्थ पांढऱ्या कपड्यातला माणूस असा होतो, कारण जुन्या रोममध्ये पद मागणारे लोक शुभ्र झगा घालून फिरत. आपल्याकडे उमेद आणि पांढरे कपडे एकाच अंगावर दिसतात, तो भाग वेगळा.

या शब्दात एक अडचण मात्र आहे. उमेद धरतो तो उमेदवार, असे भाषा म्हणते. प्रत्यक्षात उमेद धरतात ते मतदार. सभेला स्वतःच्या पैशाने जाणारे, घरोघर पत्रके वाटणारे, मजुरी बुडवून रांगेत उभे राहणारे. त्यांच्या उमेदीचे पुढे काय होते, याचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. विजेत्यांचा इतिहास लिहिला जातो, हरलेल्या उमेदवारांचाही थोडाफार लिहिला जातो. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माणसांचा राहून जातो. म्हणून आज अमेरिकेतल्या एका हरलेल्या निवडणुकीची गोष्ट सांगायची आहे. तिची घोषणाच 'कीप होप अलाइव्ह' अशी होती. आपल्या भाषेत, उमेद जिवंत ठेवा.

माणूस होता जेसी जॅक्सन. जन्म १९४१ चा, दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावचा. वंशभेदाचे कायदे अंगावर झेलत वाढलेला. मार्टिन ल्यूथर किंग यांचा तरुण सहकारी, ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये किंग यांना गोळी लागली तेव्हा तिथेच असलेला. पुढे शिकागोत संघटना बांधलेला, बोलण्यात कोणाला हार न जाणारा, आणि स्वतःच्या नावाची हौस असलेला. हे शेवटचे मुद्दाम लिहिते, कारण पुढे ते महत्त्वाचे ठरते.

आधी तिथली पद्धत थोडक्यात समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत ठरते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांतले त्या पक्षाचे मतदार ठरवतात. कुठे मतपेटीतून, त्याला प्रायमरी म्हणतात. कुठे शाळेत किंवा सभागृहात बैठक भरवून, त्याला कॉकस म्हणतात. मिळालेल्या मतांवरून प्रतिनिधी ठरतात आणि हे प्रतिनिधी उन्हाळ्यातल्या अधिवेशनात उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. ऐकायला फार लोकशाहीवादी वाटते. पण नियम बारीक अक्षरात असतात. १९८४ साली डेमोक्रॅटिक पक्षात एखाद्या मतदारसंघात साधारण २० टक्क्यांच्या खाली मते पडली तर तिथून प्रतिनिधी मिळत नसत. काही राज्यांत पुढे असलेल्याला वर बक्षीस म्हणून आणखी प्रतिनिधी मिळत. शिवाय पक्षाचे खासदार, पदाधिकारी हे कोणाच्याही मताशिवाय प्रतिनिधी होऊन बसत. त्यांना 'सुपरडेलिगेट' हे नाव पडले.

जॅक्सन १९८४ साली पहिल्यांदा उतरले, तेव्हा त्यांच्याच समाजातले मोठे नेते त्यांच्यासोबत नव्हते. डेट्रॉइटचे महापौर कोलमन यंग, अटलांटाचे महापौर अँड्र्यू यंग हे वॉल्टर माँडेल यांच्या बाजूला. त्यांचा हिशेब साधा होता : काळा माणूस निवडून येणार नाही, मग मत वाया का घालवायचे? रेगन यांना हरवू शकेल अशा गोऱ्या माणसामागे जाऊ या. 'मत वाया जाईल' हे वाक्य ज्या समाजाला प्रत्येक निवडणुकीत ऐकवले जाते, त्या समाजातल्या वाचकांना यावर अधिक सांगायची गरज नाही.

तरीही जॅक्सन यांना सुमारे ३३ लाख मते पडली, एकूण मतांच्या १८ टक्के. अधिवेशनात प्रतिनिधी मिळाले १२ टक्क्यांच्या आसपास. मधले टक्के नियमांनी खाल्ले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात पक्षाची अधिकृत भूमिका मांडायला अँड्र्यू यंग उभे राहिले, तेव्हा जॅक्सन यांच्या प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडवली. किंग यांच्या एका सहकाऱ्याची हुर्यो दुसऱ्या सहकाऱ्याच्या माणसांनी उडवावी, यावरून तिथला राग किती होता ते कळते. आणि ज्यांच्यासाठी एवढी तडजोड करायची होती ते माँडेल नोव्हेंबरमध्ये ५० पैकी ४९ राज्यांत हरले.

त्याच वर्षीची एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जानेवारी १९८४ मध्ये एका वार्ताहराशी खासगीत बोलताना जॅक्सन यांनी ज्यू लोकांना हिणवणारा शब्द वापरला. आधी नाकारले, मग फेब्रुवारीत न्यू हॅम्पशरमधल्या एका सिनेगॉगमध्ये जाऊन माफी मागितली. त्यांच्या जवळच्या लुई फराखान यांनी त्या वार्ताहरालाच धमकावले. काही मुस्लिम लेखक हा प्रसंग 'माध्यमांचे कारस्थान' म्हणून उडवून लावतात. मला ते पटत नाही. ज्याला सगळ्या तुडवल्या गेलेल्यांची मोट बांधायची आहे त्याने एका समाजाबद्दल असे बोलणे हा त्याच्याच मतदारांचा घात होता, आणि चार वर्षांनी त्याची किंमत त्यांनीच मोजली.

१९८८ ला मात्र चित्र पालटले. आयोवा राज्यात जॅक्सन यांनी प्रचाराचे कार्यालय उघडले ते ग्रीनफील्ड नावाच्या दोनेक हजार वस्तीच्या गावात. गाव शेतकऱ्यांचे आणि जवळपास सगळे गोरे. त्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातला शेतकरी मोडला होता. सत्तरच्या दशकात बँकांनी हात सैल सोडून कर्ज दिले, मग व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले, मालाला दर नाही. कर्ज, जप्ती, लिलाव हे शब्द विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. लिलावाच्या दिवशी शेतकऱ्याच्या बाजूने येऊन उभा राहणारा राष्ट्रीय नेता त्यांना सापडला तो हा, शिकागोहून आलेला काळा पाद्री. आयोवात १९८४ साली जॅक्सन यांना दीड टक्का मते होती, १९८८ साली नऊच्या आसपास. आकडा लहान आहे. पण काळ्यांची वस्ती जवळपास नसलेल्या राज्यात तो कोणाच्या हातांनी वाढला, हे बघायचे.

विस्कॉन्सिनमध्ये केनोशा नावाचे मोटारींचे गाव होते. क्रायस्लर कंपनीने १९८७ साली तिथला कारखाना विकत घेतला आणि जानेवारी १९८८ मध्ये तो बंद करणार असल्याचे जाहीर केले. साडेपाच हजार नोकऱ्या. मेन राज्यात जे नावाच्या गावात कागद कारखान्याचे सुमारे बाराशे कामगार जून १९८७ पासून संपावर होते आणि कंपनीने त्यांच्या जागी दुसरी माणसे भरली होती. जॅक्सन दोन्हीकडे गेले. इतर उमेदवार अर्थव्यवस्थेवर भाषणे देत होते, हे कारखान्याच्या फाटकावर उभे राहत होते. सर्वांना सरकारी आरोग्यसेवा, शस्त्रांवरचा खर्च कमी, श्रीमंतांवर कर जास्त, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध, पॅलेस्टिनींना स्वतःचे राष्ट्र असा त्यांचा कार्यक्रम होता. यातले शेवटचे वाक्य अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा कोणी वजनदार उमेदवार तोवर उघडपणे बोलत नव्हता. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराच्या एका समाजवादी महापौराने जॅक्सन यांना पाठिंबा दिला आणि तिथले कॉकस जॅक्सन यांनी जिंकले. त्या महापौराचे नाव बर्नी सँडर्स.

८ मार्चला 'सुपर ट्यूसडे' होता. दक्षिणेतल्या राज्यांनी एकाच दिवशी मतदान ठेवले होते, ते पक्षातल्या मवाळ गोऱ्या उमेदवाराला बळ मिळावे म्हणून. झाले भलतेच. अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी, व्हर्जिनिया ही पाच राज्ये जॅक्सन यांनी घेतली. ज्या मिसिसिपीत पाव शतकापूर्वी मतदारयादीत नाव घालायला गेलेल्या काळ्या माणसाला मारहाण होत असे, तिथे!

मग २६ मार्च, मिशिगन.

इथे जरा थांबते, कारण आपल्या वाचकांना जवळचा भाग हाच आहे. डेट्रॉइटला लागून डिअरबॉर्न हे शहर आहे, फोर्डच्या अवाढव्य कारखान्याचे. लेबनॉन, येमेन, पॅलेस्टाईनमधून आलेले कामगार पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले, मशिदी उभ्या राहिल्या, दुकानांवर अरबी पाट्या आल्या. १९८५ साली तिथल्या महापौरपदाच्या एका उमेदवाराने 'अरब समस्या' या मथळ्याचे पत्रक घरोघर वाटले आणि तो निवडून आला. त्याच्या आदल्याच वर्षी माँडेल यांच्या प्रचारयंत्रणेने अरब अमेरिकन व्यावसायिकांनी दिलेले देणगीचे धनादेश परत पाठवले होते. म्हणजे मत तर सोडाच, पैसासुद्धा नको. अशा समाजाकडे जॅक्सन गेले, व्यासपीठावर बसवले, काम दिले. जेम्स झॉग्बी हे लेबनीज वंशाचे कार्यकर्ते, ते त्यांच्या प्रचाराच्या पुढच्या फळीत होते. हिशेब साधा आहे. ज्याने धनादेश परत केला त्याच्यासाठी रांगेत कोण उभे राहील, आणि ज्याने दाराची कडी वाजवली त्याच्यासाठी कोण राहणार नाही?

मिशिगनच्या कॉकसमध्ये जॅक्सन यांना निम्म्याहून अधिक, ५५ टक्क्यांच्या आसपास मते पडली. आघाडीवरचे मायकेल डुकाकिस त्यांच्या जवळपास निम्म्यावर राहिले. डेट्रॉइटचे काळे, मोटार कारखान्यांतले गोरे, डिअरबॉर्नचे अरब, विद्यापीठांतली मुले. काही दिवस अशी स्थिती होती की पक्षाचा उमेदवार जॅक्सन होऊ शकतात. 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांचे नुसते नाव छापले, पुढे उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह दोन्ही. त्या दोन चिन्हांत तिथल्या सगळ्या उच्चवर्गाची मनःस्थिती आली होती. वर्तमानपत्रांत तेव्हा एक प्रश्न सारखा विचारला जाई : जेसीला हवे तरी काय? राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या माणसाला काय हवे असते? डुकाकिस यांना हा प्रश्न कोणी विचारला नाही.

दहा दिवसांनी, ५ एप्रिलला, विस्कॉन्सिनने पाणी ओतले. डुकाकिस ४८, जॅक्सन २८. केनोशाच्या कामगारांनी ज्यांच्या सभेत टाळ्यांचा कडकडाट केला, त्यांच्याच राज्यात. 'माणूस बरोबर बोलतो, पण निवडून येणार नाही' हे पुन्हा आडवे आले. तरी काळ्यांची वस्ती थोडी असलेल्या या राज्यात २८ टक्के हे मुख्यतः गोऱ्यांचे मत होते, हे त्या रात्री टीव्हीवर फार कोणी सांगितले नाही. १९ एप्रिलला न्यूयॉर्क. तिथले महापौर एड कॉच म्हणाले, जॅक्सन यांना मत देणारा ज्यू वेडा असला पाहिजे. १९८४ चा तो शब्द इथे उभा राहिला. डुकाकिस ५१, जॅक्सन ३७. शर्यत संपली. पण न्यूयॉर्क शहरापुरते बघितले तर जॅक्सन पुढे होते, आणि पुढच्याच वर्षी त्या शहराने कॉच यांना पक्षातच हरवून डेव्हिड डिंकिन्स यांना पहिला काळा महापौर केले. जॅक्सन यांच्यासाठी फिरलेली माणसे डिंकिन्स यांच्या कामी आली.

शेवटी हिशेब असा झाला : जवळपास ७० लाख मते, २९ टक्के, बाराशेहून जास्त प्रतिनिधी. दुसऱ्या क्रमांकाच्या एवढ्या मोठ्या उमेदवाराचा उपाध्यक्षपदासाठी निदान विचार व्हावा, अशी त्यांच्या माणसांची अपेक्षा होती. १२ जुलैला डुकाकिस यांनी टेक्सासचे सिनेटर लॉइड बेंटसन यांची निवड केली. बेंटसन निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना मदत देण्याच्या बाजूचे, तेल कंपन्यांशी जवळचे, म्हणजे जॅक्सन यांच्या कार्यक्रमाच्या बरोबर उलट टोकाचे. आणि ही बातमी जॅक्सन यांना विमानतळावर एका वार्ताहराकडून कळली. फोन वेळेवर लागला नाही, असे नंतर सांगण्यात आले. सत्तर लाख मतांना एक फोन वेळेवर लागू नये!

चिडलेले जॅक्सन शिकागोहून अटलांटाला बसगाड्यांचा ताफा घेऊन निघाले. वाटेत गावोगाव सभा. तिथे पोचल्यावर समेट झाला. १९ जुलैच्या रात्री त्यांनी भाषण केले, त्यात आजीची गोधडी होती. घोंगडी विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून आजीने लोकर, रेशीम, गोणपाट असे मिळतील ते तुकडे जोडून गोधडी शिवली. मग ते एकेका गटाकडे वळले : कामगारांनो, तुमची मागणी रास्त आहे, पण तुमचा तुकडा एकटा पुरणार नाही. शेतकऱ्यांनो, स्त्रियांनो, तुमचाही नाही. इंग्रजीत ते 'क्विल्ट' आहे, पण ज्याच्या घरी जुन्या लुगड्यांची गोधडी असते त्याला ते भाषण भाषांतराशिवाय कळते.

भाषण गाजले. मागण्यांचे काय? दक्षिण आफ्रिकेला दहशतवादी राष्ट्र ठरवण्याचा मुद्दा जाहीरनाम्यात आला. श्रीमंतांवरचा कर मतदानात पडला. अण्वस्त्राचा वापर आपण आधी करणार नाही, हाही पडला. पॅलेस्टाईनचा ठराव झॉग्बी यांनी व्यासपीठावरून मांडला. डिसेंबर १९८७ मध्ये गाझा आणि पश्चिम किनाऱ्यावर पहिला इंतिफादा पेटला होता आणि दगड हातात घेतलेली मुले टीव्हीवर दिसत होती. ठरावात दोन्ही लोकांना आत्मनिर्णयाचा हक्क मागितला होता, एवढेच. बाजूने आणि विरोधात भाषणे झाली आणि मग ठराव मताला न टाकता मागे घेतला गेला. एवढे अंतर चालत आलेल्या प्रतिनिधींना हात वर करण्याची संधीही मिळाली नाही. तरी मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात या प्रश्नावर उघड चर्चा होण्याची ती पहिलीच वेळ होती.

अधिवेशन संपले तेव्हा जनमत चाचणीत डुकाकिस १७ गुणांनी पुढे होते. ४ ऑगस्टला ते मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत बोलायला गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात मतदारनोंदणीच्या मोहिमेतल्या तीन तरुणांचा याच काउंटीत खून झाला होता आणि त्यांची प्रेते सापडली ती तारीखही ४ ऑगस्टच. डुकाकिस यांनी भाषणात त्या तिघांचा उल्लेख केला नाही. गोरा मतदार दुखावेल, हा हिशेब. गोरा मतदार तरीही बुश यांच्याकडे गेला आणि काळा मतदार घरी बसला. नोव्हेंबरमध्ये एकूण मतदान जेमतेम निम्मे झाले, १९२४ नंतरचे सर्वांत कमी. काळ्यांमधले मतदान १९८४ च्या सुमारे ५६ टक्क्यांवरून ५१-५२ वर उतरले. बुश ४० राज्यांत जिंकले.

निवडणुकीची ड्युटी आम्हा शिक्षकांना चुकत नाही. केंद्रावर बसले की संध्याकाळी यादीतल्या खुणा न झालेल्या नावांकडे लक्ष जाते. त्यातले सगळे आळशी नसतात. काही जण आधीच्या खेपेला रांगेत सर्वांत पुढे होते. नाउमेद झालेला मतदार विरोधकाकडे जातोच असे नाही, तो नुसता येत नाही. आणि तो का आला नाही याची नोंद करायला कोणत्याही नमुन्यात रकाना नसतो.

या हरण्यातून काही निघाले का? निघाले. समेटाच्या वाटाघाटीत जॅक्सन यांच्या माणसांनी एक कोरडी वाटणारी गोष्ट पदरात पाडून घेतली : पुढच्या निवडणुकीपासून सगळ्या राज्यांत मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळावेत, बक्षिसे बंद. भाषण सगळ्यांच्या लक्षात राहिले, हे कलम कोणाच्या नाही. वीस वर्षांनी २००८ साली हिलरी क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारखी मोठी राज्ये जिंकूनही बराक ओबामा पुढे राहू शकले, ते या कलमामुळे. जुने नियम असते तर ओबामा कदाचित अधिवेशनापर्यंतही टिकले नसते.

पण माझा आक्षेप जॅक्सन यांच्यावरही आहे. या मोहिमेतून गावोगाव 'रेनबो कोएलिशन'चे गट उभे राहिले होते. शेतकरी, कामगार, अरब, काळे, स्त्रिया एका खोलीत बसायला शिकले होते. १९८९ साली जॅक्सन यांनी त्या संघटनेची सूत्रे स्वतःकडे घेतली, राज्यांचे प्रमुख नेमण्याचा अधिकार वरती ठेवला. खालची माणसे हळूहळू गळाली. गोधडीची शिवण उसवली ती आतून, आणि मला वाटते अटलांटात झालेल्या अपमानापेक्षा हे नुकसान मोठे होते. आपल्याकडे फुले-शाहू-आंबेडकरांची नावे घेत निघालेल्या कितीतरी आघाड्या एका माणसाच्या खिशात जाऊन संपल्या, त्यामुळे हा भाग वाचताना मला परका वाटला नाही.

आणि मिशिगन? २७ फेब्रुवारी २०२४ च्या प्रायमरीत त्या राज्यातल्या एक लाखाहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांनी बायडेन यांच्याऐवजी 'अनकमिटेड', म्हणजे कोणालाच बांधील नाही, या खान्यावर खूण केली. कारण गाझा. डिअरबॉर्न त्यात आघाडीवर होते. ज्यांच्या आईवडिलांनी १९८८ मध्ये त्याच राज्यात जॅक्सन यांना जिंकून दिले, अशी मुलेही त्यात असणार. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात या मतदारांच्या प्रतिनिधींनी फार मोठे काही मागितले नाही. एका पॅलेस्टिनी वंशाच्या अमेरिकन व्यक्तीला व्यासपीठावरून काही मिनिटे बोलू द्या, एवढेच. पक्षाने नकार दिला. झॉग्बी यांना १९८८ मध्ये जे मिळाले होते, तेवढेही नाही. प्रतिनिधींनी सभागृहाबाहेर फुटपाथवर बसून रात्र काढली.

त्याच अधिवेशनाच्या पहिल्या रात्री जेसी जॅक्सन यांना चाकाच्या खुर्चीतून व्यासपीठावर आणले होते. आजाराने बोलणे जवळजवळ थांबले होते. सगळे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्यांनी फक्त हात वर केला.